वसंत रामजी खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर (१३ एप्रिल १८९५ – २९ ऑक्टोबर १९७८) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ, कर्करोग-संशोधक आणि वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक होते. भारतातील आधुनिक विकृतिशास्त्राचे व वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील प्रयोगशाळांचे प्रमुख, भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे संस्थापक-संचालक आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू ही पदे त्यांनी भूषवली. कर्करोग कोणाला होतो, शरीराच्या कोणत्या भागात होतो आणि त्याचा रुग्णाच्या राहणीशी, सवयींशी व विवाहादी चालीरीतींशी काय संबंध आहे, याची भारतातील पद्धतशीर मांडणी मुख्यतः त्यांच्या कामापासून सुरू होते. तोंडाचा कर्करोग आणि स्त्रियांमधील गर्भाशयमुखाचा कर्करोग या दोन आजारांच्या प्रतिबंधाच्या इतिहासात त्यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

खानोलकर यांचा जन्म गोमंतक मराठा समाजातील कुटुंबात झाला. खानोलकर हे आडनाव वेंगुर्ले तालुक्यातील खानोली या गावाच्या नावावरून आलेले आहे. त्यांचे शालेय शिक्षण मात्र कोकणापासून दूर, तेव्हाच्या बलुचिस्तानातील क्वेट्टा येथे झाले. पुढे ते वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेले आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. ही पदवी त्यांनी मिळवली.

त्या काळी परदेशातून उच्च पदवी घेऊन आलेला भारतीय डॉक्टर बहुधा शल्यचिकित्सेकडे किंवा खाजगी व्यवसायाकडे वळत असे. विकृतिशास्त्र म्हणजे रोगामुळे ऊतींत व पेशींत होणाऱ्या बदलांचा अभ्यास. या शाखेत पैसा नव्हता आणि प्रसिद्धीही नव्हती. शवविच्छेदनाची खोली, काचपट्ट्या आणि सूक्ष्मदर्शक एवढ्यावर काम चाले. खानोलकर यांनी आयुष्यभरासाठी हीच शाखा निवडली.

अध्यापन

भारतात परतल्यावर त्यांनी मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि नंतर परळच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून काम केले. सेठ गोरधनदास महाविद्यालय व त्याला जोडलेले राजे एडवर्ड स्मारक (केईएम) रुग्णालय १९२०च्या दशकात सुरू झाले. तेथील अध्यापक भारतीयच असावेत, अशी देणगीदारांची अट होती. वरिष्ठ जागा इंग्रज अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवण्याच्या प्रथेला दिलेले ते उत्तर होते. या वातावरणात खानोलकर यांनी विकृतिशास्त्राला केवळ निदानाचे साधन न मानता संशोधनाची शाखा म्हणून उभे केले. भारतीय विकृतिशास्त्रज्ञ व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ संघटनेचे ते संस्थापक आणि पहिले अध्यक्ष होते.

टाटा स्मारक रुग्णालय

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यानंतर टाटा विश्वस्त निधीतून परळ येथे कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय उभारण्यात आले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले. खानोलकर तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख झाले.

एका नव्या रुग्णालयाची प्रयोगशाळा सांभाळणे एवढाच या नेमणुकीचा अर्थ नव्हता. तोपर्यंत भारतात कर्करोग फारसा होत नाही, तो पाश्चात्त्य व सधन समाजांचा आजार आहे, असा समज डॉक्टरांमध्येही होता. टाटा रुग्णालयात पहिल्यांदाच एका छताखाली मोठ्या संख्येने कर्करुग्ण येऊ लागले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ऊती तपासून निदान पक्के होऊ लागले. मुंबई हे सर्व प्रांतांतील लोकांचे शहर असल्याने दक्षिणी व गुजराती हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती अशा वेगवेगळ्या समाजांचे रुग्ण एकाच रुग्णालयात, एकाच कसोटीने तपासले जात होते. लांबून येणाऱ्यांची संख्याही मोठी असे. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव ही खानदेशातील स्थानके मुंबईच्या थेट लोहमार्गावर असल्याने त्या भागातील रुग्णाला दादर-परळ गाठणे शक्य होते. पण सुमारे ४०० किलोमीटरचा प्रवास, मुंबईत राहण्याची सोय आणि बुडणारी मजुरी यांमुळे रुग्ण निघे तोवर आजार बहुधा हाताबाहेर गेलेला असे. बाई आजारी असल्यास हा उशीर आणखी वाढे.

सवयी, चालीरीती आणि कर्करोग

१९४४ मध्ये खानोलकर यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा अमेरिकेतील एका मान्यवर कर्करोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. एवढ्या मोठ्या संख्येवर आधारलेले भारतीय अभ्यास तोवर क्वचितच झाले होते. रुग्ण तंबाखू चघळतो की ओढतो, ती तोंडात कुठे धरून ठेवतो आणि गाठ कुठे उठते, यांची सांगड त्यांनी घातली. चुन्यासह तंबाखू गालात धरणाऱ्याला गालाच्या आतल्या बाजूला आजार होतो आणि विडी ओढणाऱ्याला जिभेच्या मुळाशी किंवा घशात होतो, हे चित्र पुढे एल. डी. संघवी व इतर सहकाऱ्यांसह केलेल्या अभ्यासांतून अधिक स्पष्ट झाले. १९५५ मध्ये त्यांचा हा संयुक्त अभ्यास ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला.

१९४५ मध्ये खानोलकर आणि त्यांच्या सहसंशोधक सूर्यबाई यांनी चालीरीतींशी निगडित अशा तीन नव्या प्रकारच्या कर्करोगांचे वर्णन केले. खालच्या ओठाच्या मागे खैनी धरून ठेवल्याने ओठाला होणारा कर्करोग, जळते टोक तोंडात ठेवून चुट्टा ओढणाऱ्यांच्या टाळूला होणारा कर्करोग आणि धोतराची गाठ कमरेला वर्षानुवर्षे घासल्याने तेथील त्वचेला होणारा कर्करोग, असे हे प्रकार होत. शेवटचा प्रकार वैद्यकीय वाङ्मयात धोती कर्करोग या नावाने ओळखला जातो. घट्ट आवळलेल्या साडीमुळे किंवा परकराच्या नाडीमुळे कमरेवर होणाऱ्या अशाच आजाराला नंतरच्या डॉक्टरांनी साडी कर्करोग असे नाव दिले.

या अभ्यासांचा रोख एकच होता. कर्करोग हा वंशाचा किंवा नशिबाचा भाग नसून त्याची कारणे बहुतेक वेळा रोजच्या व्यवहारात सापडतात आणि ती सापडली तर आजार टाळता येतो. आज हे विधान सर्वमान्य आहे, पण १९४०च्या दशकात ते आकड्यांनिशी मांडणारे संशोधक जगातही मोजकेच होते.

गर्भाशयमुखाचा कर्करोग

टाटा रुग्णालयात येणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे होते. गर्भाशयाचा खालचा, योनिमार्गात उघडणारा निमुळता भाग म्हणजे गर्भाशयमुख. त्याच्या बाहेरील व आतील आवरणांच्या पेशी जेथे एकमेकींना भिडतात त्या पट्ट्यात हा आजार सुरू होतो. प्रारंभी पेशींत केवळ अनियमितपणा दिसतो. या पूर्वावस्थेपासून प्रत्यक्ष कर्करोग होईपर्यंत साधारणपणे १० ते २० वर्षे जातात. एवढा दीर्घ अवधी देणारे कर्करोग थोडे आहेत. मात्र या काळात बाईला काहीही त्रास होत नाही. संबंधानंतर रक्तस्राव, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त पांढरे पाणी जाणे, कंबर दुखणे ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. अंगावरून जाणे ही गोष्ट घरात बोलायची नाही आणि पुरुष डॉक्टरला दाखवायची तर नाहीच, अशा समाजात ही लक्षणेही लपवली जात. परिणामी रुग्णालयात पोहोचणाऱ्या बहुतेक स्त्रिया पुढच्या अवस्थेतील असत.

या आजाराचे समाजागणिक वेगळे प्रमाण जगात आधीच लक्षात आले होते. इटलीतील व्हेरोना शहरात रिगोनी-स्टर्न या वैद्याने १८४२ मध्ये मृत्यूच्या नोंदी तपासल्या असता जोगिणींमध्ये गर्भाशयाचा कर्करोग फार कमी व स्तनांचा अधिक आढळला होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी न्यूयॉर्कमधील ज्यू स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग विरळ असल्याचे दिसले आणि त्यावरून पुरुषांच्या सुंतेमुळे पत्नीला संरक्षण मिळते, अशी उपपत्ती पुढे आली. १९५०च्या सुमारास हा वाद जोरात होता.

मुंबईचे आकडे या वादात मोलाचे ठरले. खानोलकर यांच्या प्रयोगशाळेतील नोंदींवरून गर्भाशयमुखाचा कर्करोग हिंदू स्त्रियांमध्ये जास्त, मुसलमान स्त्रियांमध्ये त्या मानाने कमी आणि पारशी स्त्रियांमध्ये बराच कमी दिसत होता. पारशी स्त्रियांमध्ये स्तनांचा कर्करोग अधिक होता. पारशी पुरुषांत सुंतेची चाल नाही. तेव्हा एकट्या सुंतेने या फरकाचा उलगडा होणे शक्य नव्हते. पारशी समाजात मुलींची लग्ने उशिरा होत, अपत्ये कमी असत आणि शिक्षण व स्वच्छतेची साधने अधिक होती. हिंदू समाजातील बहुसंख्य जातींत मुलीचे लग्न कोवळ्या वयात होई, पहिले मूल विशीच्या आत होई आणि बाळंतपणांची संख्या मोठी असे. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील कर्करोगाच्या आढाव्यात आणि १९५८ मध्ये लंडनहून निघालेल्या कर्करोगविषयक ग्रंथमालेत भारतातील सवयी व चालीरीतींवर लिहिलेल्या प्रकरणात खानोलकर यांनी समाजांतील अशा फरकांची चर्चा केली.

लग्नाचे वय आणि बाळंतपणांची संख्या यांचा आजाराशी नेमका कोणता दुवा आहे, हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. तो दुवा १९८०च्या दशकात मिळाला. जर्मन विषाणुशास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८३ व १९८४ मध्ये मानवी पॅपिलोमा विषाणूचे १६ व १८ क्रमांकाचे प्रकार या कर्करोगाच्या ऊतींत शोधून काढले. या कामासाठी त्यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो, थोड्या जणींत टिकून राहतो आणि त्यांच्यातच पुढे पेशींत बदल होतात. संसर्ग कोवळ्या वयात झाला आणि बाळंतपणे अनेक झाली तर धोका वाढतो. बाईला स्वतःला एकच जोडीदार असला तरी पतीकडून संसर्ग येऊ शकतो. त्यामुळे या आजाराचा संबंध बाईच्या चारित्र्याशी जोडणे शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे आहे. खानोलकर यांच्या पिढीने रुग्णालयाच्या नोंदवह्यांतून जे पाहिले होते, त्याचे स्पष्टीकरण अशा रीतीने सुमारे तीन दशकांनी हाती आले.

पेशी तपासून हा आजार आधीच ओळखण्याची पद्धत मात्र खानोलकर यांच्या उमेदीच्या काळातच विकसित झाली. ग्रीसमध्ये जन्मलेले व न्यूयॉर्क येथे काम करणारे जॉर्ज पापानिकोलाऊ (१८८३–१९६२) यांनी स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांच्यासह १९४१ मध्ये, म्हणजे टाटा रुग्णालय सुरू झाले त्याच वर्षी, योनिस्रावातील पेशींवरून गर्भाशयाच्या कर्करोगाचे निदान करण्यासंबंधीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. पॅप स्मिअर या नावाने ती चाचणी जगभर पोहोचली. अमेरिका, कॅनडा व उत्तर युरोपातील देशांनी ती ठराविक वर्षांनी प्रत्येक स्त्रीची करण्याची व्यवस्था उभारली आणि तेथील मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. भारतात हे घडले नाही. चाचणी साधी असली तरी तिच्यामागे नमुना घेणारी प्रशिक्षित परिचारिका, काचपट्टी रंगवणारा तंत्रज्ञ, ती वाचणारा विकृतिशास्त्रज्ञ आणि निकाल बाईपर्यंत परत पोहोचवणारी यंत्रणा एवढे सर्व लागते. मोठ्या शहरांतील काही रुग्णालये सोडली तर अशी साखळी कोठेही नव्हती. खानोलकर यांनी विकृतिशास्त्रज्ञांच्या शिक्षणावर आणि संघटनेवर दिलेला भर या उणिवेच्या संदर्भात पाहण्याजोगा आहे.

पद्धतीच्या मर्यादा

खानोलकर यांच्या आकड्यांना एक मोठी मर्यादा होती. ते रुग्णालयात आलेल्या रुग्णांचे प्रमाण सांगत, प्रत्यक्ष लोकसंख्येतील नव्हे. जी बाई गावातच मरण पावली ती या हिशेबात येत नव्हती. हिंदू हा गटही फार ढोबळ होता. त्यात गिरणी कामगाराची पत्नी आणि सधन व्यापाऱ्याची पत्नी एकत्र मोजल्या जात. त्यामुळे धर्माचा म्हणून दिसणारा फरक प्रत्यक्षात किती गरिबीचा होता, हे वेगळे काढणे कठीण होते. भारतीय कर्करोग संस्थेने १९६३ मध्ये मुंबईत लोकसंख्येवर आधारलेली देशातील पहिली कर्करोग नोंदणी सुरू केल्यानंतर ही त्रुटी बरीच दूर झाली. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने चाललेल्या या नोंदणीतूनही पारशी स्त्रियांमधील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कमी प्रमाण दिसून आले. मूळ निरीक्षण त्यामुळे अधिक भक्कम झाले.

भारतीय कर्करोग संशोधन केंद्र

१९५२ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन केले. खानोलकर त्याचे संस्थापक-संचालक होते. पेशीजीवशास्त्र, ऊतिसंवर्धन, प्राण्यांवरील प्रयोग, जनुकशास्त्र आणि रोगपरिस्थितिविज्ञान अशा शाखा त्यांनी एकत्र आणल्या.

तरुण संशोधकांना, त्यांतही स्त्रियांना, संधी देण्याबाबत त्यांचा हात मोकळा होता. पुण्याच्या कमल रणदिवे (पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ, १९१७–२००१) यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. १९४९ मध्ये मिळवली. त्यानंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धन शिकण्यासाठी गेल्या. परत आल्यावर त्यांनी खानोलकर यांच्या केंद्रात भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. गाय यांच्या याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतून, तिच्या संमतीवाचून घेतलेल्या पेशींपासून हेला ही प्रसिद्ध पेशीमालिका तयार झाली. ती गाठ गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची होती आणि तिच्यात १८ क्रमांकाचा पॅपिलोमा विषाणू असल्याचे पुढे सिद्ध झाले.

१९६६ मध्ये हे केंद्र आणि टाटा स्मारक रुग्णालय यांचे अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत टाटा स्मारक केंद्र या नावाने एकत्रीकरण झाले.

इतर संशोधन

कुष्ठरोगाच्या अगदी प्रारंभीच्या चट्ट्यांतील ऊतींचा खानोलकर यांनी बारकाईने अभ्यास केला. त्यावरील त्यांचा अहवाल १९५१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रसिद्ध केला. कुष्ठजंतू त्वचेवर खूण उमटण्याआधीच सूक्ष्म मज्जातंतूंत शिरकाव करतात, या विचाराला त्यामुळे आधार मिळाला. १९५८ मध्ये त्यांच्या केंद्रात कुष्ठरुग्णाच्या ऊतींपासून एक जंतू वाढवण्यात आला. केंद्राच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तो आयसीआरसी जंतू म्हणून ओळखला गेला आणि पुढे त्यापासून कुष्ठरोगावरील लस तयार करण्याचे प्रयत्न झाले.

एल. डी. संघवी यांच्यासह त्यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही जातिगटांच्या रक्तगटांचा व इतर आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध केला. अणुकिरणोत्सर्गाच्या परिणामांचा विचार करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीवर त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले.

पदे आणि सन्मान

आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले आणि वैद्यकशास्त्राचे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून नेमले. त्यांच्या नावावर शंभराहून अधिक शोधनिबंध तसेच कर्करोग व कुष्ठरोग या विषयांवरील ग्रंथ आहेत. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. नवी मुंबईतील खारघर येथे हलवण्यात आलेल्या कर्करोग संशोधन संस्थेच्या इमारतीला खानोलकर शोधिका असे नाव देण्यात आले आहे.

प्रतिबंधाच्या कार्याचा पुढील प्रवास

खानोलकर यांच्यानंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास मुंबईतील रुग्णालयातून ग्रामीण महाराष्ट्रात पोहोचला. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. त्या भागात केवळ आरोग्यशिक्षण दिल्यानेही स्त्रिया पूर्वीपेक्षा आधीच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या, असे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. त्यानंतर उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील ४९७ गावांत ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेली चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये जाहीर झाले. पॅपिलोमा विषाणूची एकच तपासणी झालेल्या गटात या आजाराने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्मे होते. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा स्मारक केंद्राने केलेल्या दुसऱ्या चाचणीत आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी ॲसिटिक आम्ल लावून केलेल्या तपासणीमुळे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. या दोन्ही चाचण्यांत तुलनेसाठी निवडलेल्या हजारो स्त्रियांची तपासणी न करता त्यांना केवळ माहिती देण्यात आली होती. ही रचना नैतिकदृष्ट्या योग्य होती का, यावर वैद्यकीय वर्तुळात तीव्र वाद झाला. देशात नियमित तपासणीची व्यवस्थाच नसल्याने तुलनेच्या गटाला नेहमीचीच सेवा मिळाली, असे समर्थकांचे म्हणणे होते. परिणामकारक चाचणी ठाऊक असताना ती नाकारणे गैर होते, असा टीकाकारांचा आक्षेप होता.

ॲसिटिक आम्लाच्या तपासणीत गर्भाशयमुखावर व्हिनेगरसारखे सौम्य द्रावण लावतात. बदललेल्या पेशींचा भाग मिनिटभरात पांढरा दिसू लागतो. प्रयोगशाळा लागत नाही आणि निकाल त्याच बैठकीत मिळतो. काचपट्टी शहरात पाठवून निकालाची वाट पाहण्याची गरज नसल्याने जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल, रावेर किंवा धुळे जिल्ह्यातील शिरपूर, साक्री यांसारख्या, सातपुडा-सह्याद्रीच्या पायथ्याला लागून असलेल्या तालुक्यांत ही पद्धत पॅप स्मिअरपेक्षा अधिक सोयीची ठरते. राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमाच्या २०१६ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार ३० वर्षांवरील स्त्रियांची ही तपासणी दर पाच वर्षांनी करावयाची आहे. तिच्याबरोबरच तोंडाच्या व स्तनांच्या कर्करोगाचीही तपासणी होते. विषाणूविरोधी लस २००६ पासून जगात उपलब्ध आहे. पुण्याच्या सीरम संस्थेने तयार केलेली भारतीय लस २०२३ मध्ये बाजारात आली. ९ ते १४ वर्षे वयाच्या मुलींना ती सर्वाधिक उपयोगी पडते. लस घेतलेल्या स्त्रीलाही पुढे तपासणी चुकत नाही, कारण लशीत विषाणूचे सर्व प्रकार समाविष्ट नसतात.

पांढरा डाग दिसला म्हणजे कर्करोग झाला असे नसते. जंतुसंसर्गामुळे किंवा सुजेमुळेही तो दिसू शकतो. अशा स्त्रीला दुर्बिणीतून केल्या जाणाऱ्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतात. तेथे पूर्वावस्था आढळल्यास गोठवून किंवा उष्णता देऊन तो भाग नष्ट करता येतो आणि गर्भाशय काढावे लागत नाही. शंका राहिल्यास ऊतीचा लहानसा तुकडा काढून धुळे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी विकृतिशास्त्र विभागाकडे पाठवला जातो आणि अंतिम निदान तेथे सूक्ष्मदर्शकाखालीच होते.